वीज आणि लोक: न्यूपोर्ट, १९६५

काही ध्वनिमुद्रणे ऐकली जाण्यापेक्षा सांगितलीच अधिक जातात. २५ जुलै १९६५ च्या रात्री, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी, लोकसंगीत महोत्सवात झालेले बॉब डिलनच्या गायनाचे ध्वनिमुद्रण त्यांतलेच एक. गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. लोकगीतांचा लाडका कवी कातडी जाकीट घालून, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून रंगमंचावर आला. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. पीट सीगर कुऱ्हाड घेऊन तारा तोडायला धावले. एक युग संपले आणि दुसरे सुरू झाले. २०२४ साली 'अ कम्प्लीट अननोन' या चित्रपटाने ही कथा नव्या पिढीलाही सांगितली.

आम्हांला या कथेतल्या नायकाविषयी येथे फारसे बोलायचे नाही. त्या रात्री त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या, टेलिकास्टर बनावटीची गिटार वाजवणाऱ्या तरुणाविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव माइक ब्लूमफील्ड. तीन दिवसांनी त्याला बावीस वर्षे पूर्ण व्हायची होती. ध्वनिफीत लावली की 'मॅगीज फार्म' या पहिल्याच गाण्यात गायकाच्या दोन ओळींमधली जागा हा मुलगा अशी भरतो, की गायकाला पुढची ओळ जवळजवळ भांडून घ्यावी लागते. त्याचे स्वर तीक्ष्ण आहेत, घाईचे आहेत, काही ठिकाणी उद्धटही आहेत. तो लोकगीताला साथ करत नाही, शिकागोच्या दक्षिण भागातल्या बारमध्ये रात्री एक वाजता वाजतो तसा ब्लूज वाजवतो. 'डिलन इलेक्ट्रिक झाला' असे जे म्हटले जाते त्यातली वीज मुख्यतः या गिटारीची होती. आणि ती वीज आली कुठून, हा प्रश्न विचारला की न्यूपोर्टच्या कथेची मांडणीच बदलू लागते.

आधी या फितीच्या साक्षीचे मोल ठरवले पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सा ठाऊक असते. ध्वनिफितीची चिकित्सा मात्र आपण सहसा करत नाही. फीत म्हणजे घडले ते सर्व, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात फीत म्हणजे मायक्रोफोनला जे ऐकू आले ते. न्यूपोर्टच्या रंगमंचावरचे मायक्रोफोन गायकाच्या तोंडापाशी आणि वाद्यांपाशी होते. मैदानात बसलेल्या हजारो लोकांपाशी नव्हते. म्हणून गाणी चालू असताना श्रोते जवळपास ऐकूच येत नाहीत. गाणे संपले की एक संमिश्र गलबला उठतो. त्यात ओरडणे आहे, टाळ्या आहेत, हुर्योही आहे. पण कोण कशासाठी ओरडतो आहे हे फीत सांगत नाही. डिलन विजेवर गायला म्हणून, आवाजाचा तोल बिघडला म्हणून, की तीनच गाणी गाऊन, जेमतेम पाव तासात तो निघून गेला म्हणून? पीटर यॅरो ध्वनिक्षेपकावर येऊन त्याला परत बोलावतात तेव्हाचा कल्लोळ सर्वांत मोठा आहे, यावरून शेवटचे कारण निदान अंशतः खरे असावे. डिलन परतला, साधी गिटार घेऊन दोन गाणी गायला आणि गेला.

सीगर यांच्या कुऱ्हाडीचेही असेच. त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले, की आपला राग विजेवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते यावर होता; हाताशी कुऱ्हाड असती तर तार तोडली असती, असे आपण म्हणालो होतो. 'असती तर' गळले आणि कुऱ्हाड हातात आली. दंतकथा अशाच तयार होतात. पण कुणी म्हणेल, फितीत तर डिलनचा शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू येतो, मग सीगर खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. फितीने शब्द थेट मायक्रोफोनमधून घेतला. मैदानातल्या माणसाच्या कानावर मात्र कर्ण्यांतून एकवटून आलेला सगळा गोंगाट पडत होता. फितीतला डिलन आणि मैदानातला डिलन हे दोन वेगळे पाठ आहेत, आणि एकावरून दुसऱ्याला खोटे ठरवता येत नाही. त्या रात्री निर्मिती-व्यवस्थापक असलेले जो बॉइड यांनी 'व्हाइट बायसिकल्स' (२००६) या आठवणींत लिहिले आहे, की आवाज कमी करा हा ज्येष्ठांचा निरोप घेऊन त्यांनाच ध्वनिनियंत्रकाकडे जावे लागले, आणि तिथल्या मंडळींनी तो धुडकावला. निरोप पाठवणाऱ्यांत सीगर यांच्याबरोबर ॲलन लोमॅक्स हेही होते.

लोमॅक्स यांच्यापाशी आम्हांला थोडे थांबावे लागेल.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याच महोत्सवात ब्लूजची एक कार्यशाळा झाली. जुने कृष्णवर्णीय गायक आपापली गाणी गाऊन गेले. त्यांतल्या काहींना तरुण गोऱ्या संग्राहकांनी एकदोन वर्षांपूर्वीच दक्षिणेतल्या गावांतून 'शोधून' आणले होते. शेवटी पॉल बटरफील्ड ब्लूज बँड हा शिकागोचा गट वाजवणार होता. बटरफील्ड गोरा, वकिलाचा मुलगा. ब्लूमफील्ड गोरा, उपाहारगृहांना लागणारी उपकरणे बनवणाऱ्या सधन ज्यू कारखानदाराचा मुलगा. दुसरा गिटारवादक एल्विन बिशप हाही गोरा. ड्रमवर सॅम ले आणि बास गिटारवर जेरोम आर्नल्ड हे दोघे कृष्णवर्णीय, आणि दोघेही हाउलिन वुल्फ या थोर ब्लूजगायकाच्या संचातून आलेले. प्रस्तावना करायला लोमॅक्स उभे राहिले. त्यांनी या मुलांचा जाहीर पाणउतारा केला, त्यावरून बटरफील्डचे व्यवस्थापन हाती घेऊ पाहणारे अल्बर्ट ग्रॉसमन त्यांच्यावर धावून गेले, आणि दोन वजनदार प्रौढ गृहस्थ धुळीत लोळले, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे.

झटापट खरीच झाली. पण लोमॅक्स यांचे जे शब्द जपले गेले आहेत ते आठवणींतल्या शब्दांहून बरेच मवाळ आहेत. गोरी मंडळी नेहमीच जरा उशिरा येतात आणि मग गाठू पाहतात, हा गट तर पुढेही निघून गेला आहे असे ऐकतो, ते खरे की काय हे ऐकायला मी उत्सुक आहे, असा त्या बोलण्याचा आशय आहे. बोलण्यात खोच आहे, अपमान म्हणावा इतकी नाही. आणि मुख्य म्हणजे ती खोच विजेबद्दल नाही. ती रंगाबद्दल आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे लोमॅक्स यांच्या आयुष्यातल्या दोन तारखा आठवतात.

पहिली ऑगस्ट १९४१ ची. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकगीत-संग्रहासाठी ध्वनिमुद्रणे करत लोमॅक्स मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर पोहोचले. त्यांच्याबरोबर नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क होते. मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाची त्यांनी काही गाणी मुद्रित केली. त्याचे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. त्यांतल्या एका गाण्याची 'आय बीज ट्रबल्ड' म्हणून नोंद झाली. १९४३ मध्ये मडी शिकागोला गेले. १९४८ मध्ये ॲरिस्टोक्रॅट या छोट्या कंपनीने त्यांची एक तबकडी काढली, 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'. ती हातोहात खपली. हे गाणे म्हणजे १९४१ चेच गाणे होते. गायक तोच, चाल तीच, शब्दांचा गाभाही तोच; फक्त गिटारीला वीज जोडलेली.

आता या एकाच गाण्याची दोन आयुष्ये पाहा. मळ्यावर गायले तेव्हा ते लोकगीत ठरले, राष्ट्रीय ग्रंथालयात गेले, अभ्यासकांच्या हाती पडले. शहरात गायले तेव्हा ते बाजारी माल ठरले आणि केशकर्तनालयांतून, कोपऱ्यावरच्या दुकानांतून विकले गेले. गाणाऱ्या माणसात सात वर्षांत काय बदलले होते? तो अर्धेलीच्या शेतीच्या मुलखातून निघून मजुरीच्या मुलखात आला होता, आणि त्याच्यासारखेच लाखो लोक आले होते. ज्यांचे म्हणून ते गीत 'लोक'गीत होते ते लोकच गाव सोडून शहरात आले होते. गीत त्यांच्यामागोमाग आले, इतकेच.

आमच्या मराठीत 'लोक' हा शब्द फार जागता आहे. लोक काय म्हणतील, लोक जमले, लोक पांगले असे आपण रोज बोलतो. त्यात बाजार, गर्दी, कुजबुज, सगळे येते. त्याच शब्दाला 'गीत' किंवा 'साहित्य' जोडले की मात्र तो एकदम शांत, निरागस, गावकुसापलीकडचा होतो. इंग्रजी 'फोक'चे भाषांतर म्हणून तो वापरताना आपण त्या शब्दातली गर्दी काढून टाकतो. न्यूपोर्टच्या वादात हीच गर्दी दारावर धडका देत होती.

आणि ती १९४१ मध्येही होतीच. फिस्कच्या अभ्यासकांनी त्या दौऱ्यात क्लार्क्सडेलमधल्या कृष्णवर्णीयांच्या बारमधील ज्यूकबॉक्सवर कोणत्या तबकड्या वाजतात याच्याही याद्या केल्या होत्या. त्यांत शहरी नाचगाण्यांची, त्या वर्षीच्या लोकप्रिय संगीताची रेलचेल होती. खुद्द मडी वॉटर्स यांनी आपल्याला येणारी म्हणून जी गाणी सांगितली त्यांत जीन ऑट्री या गोऱ्या गाणाऱ्या काउबॉयची चित्रपटगीतेही होती. जॉन वर्क यांचे या कामावरचे हस्तलिखित दीर्घकाळ अप्रकाशित राहिले आणि २००५ मध्ये 'लॉस्ट डेल्टा फाउंड' या नावाने छापले गेले, तेव्हा कुठे हे चित्र पुरते उजेडात आले. मळ्यावरचा ट्रॅक्टरचालक रेडिओ ऐकत होता, तबकड्या ऐकत होता, आणि त्यांतूनच शिकत होता. लोमॅक्स यांच्या मुद्रणयंत्रापुढे त्याने जुने ब्लूज गायले, कारण ऐकणाऱ्याला ते हवे होते.

दुसरी तारीख एप्रिल १९५९ ची. युरोपात काही वर्षे काढून परतलेल्या लोमॅक्स यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'फोकसाँग ५९' नावाचा कार्यक्रम केला. त्यात त्यांनी मडी वॉटर्स यांना आणले, मेम्फिस स्लिम यांना आणले, आणि रॉक अँड रोल गाणारा एक कृष्णवर्णीय गटही आणला. तिथल्या लोकगीतप्रेमींना हे रुचले नाही. म्हणजे न्यूपोर्टच्या सहा वर्षे आधी, ज्यांना आपण विजेचे वैरी समजतो तेच लोमॅक्स शहरी ब्लूज आणि रॉक अँड रोल यांना लोकसंगीताच्या पंगतीला बसवत होते. त्यांना आम्ही दोषमुक्त करत नाही. रविवारच्या रात्री आवाज कमी करा म्हणणाऱ्यांत ते होते, आणि लोकांच्या वतीने लोक कोण ते ठरवण्याची सवय त्यांना आयुष्यभर होती. पण शनिवारचा त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो चुकीचा नव्हता: हे संगीत ज्यांनी घडवले ते शिकागोत जिवंत आहेत, रोज रात्री वाजवत आहेत, मग त्यांच्या शिष्यांना तुम्ही आधी का ऐकता?

उत्तर सोपे नाही, कारण ब्लूमफील्ड उपरा असला तरी उचल्या नव्हता. किशोरवयातच तो घरातून निसटून दक्षिण शिकागोच्या बारमध्ये जाऊन बसे, हट्टाने रंगमंचावर चढून मडी वॉटर्स यांच्यासारख्यांबरोबर वाजवू पाही. 'फिकल पिकल' नावाच्या एका कॉफीगृहात त्याने जुन्या ब्लूजगायकांचे कार्यक्रम लावले. वृद्ध, विक्षिप्त, दारूबाज बिग जो विल्यम्स यांच्याबरोबर तो भटकला, आणि 'मी अँड बिग जो' या नावाने त्या भटकंतीची एक विनोदी, पण मनाला टोचणारी हकिकत लिहून गेला. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळवावी, तशी त्याने ती मिळवली. तरीही दार उघडायला लागणारा हात गोराच असावा लागतो, हे त्या काळाचे वास्तव त्यालाही लागू होते.

त्याच्या हातातल्या वाद्याविषयी दोन शब्द. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकांभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उमटतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो. टेलिकास्टर भरीव लाकडाची. तिला पोकळ पेटी नाही, त्यामुळे आवाज खूप वाढवला तरी ती चटकन शिट्टी घालत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर रेटले की स्वर कडेला फाटतो, आणि फाटता फाटता लांबतो. साध्या गिटारीचा स्वर छेडला की विझू लागतो. हा टिकतो, म्हणून तो ओढता येतो, वाकवता येतो, मींड घेतल्यासारखा एका स्वरातून दुसऱ्यात नेता येतो. वाद्य गळ्याच्या जवळ येते. शिकागोच्या बारमध्ये विजेची गरज मुळात गोंगाटामुळे पडली. बाटल्या, भांडणे आणि नाचणारे पाय यांच्यावरून साध्या गिटारीचा आवाज पोहोचेना. मडी वॉटर्स यांनी १९४४ च्या सुमारास ती हाती घेतली ती ऐकू येण्यासाठी. गरजेतून आलेल्या साधनाचे पुढे भाषेत रूपांतर झाले. १९६५ पर्यंत ती भाषा वीस वर्षांची, मुरलेली होती. न्यूपोर्टला जे 'क्रांती' म्हणून ऐकले गेले ते शिकागोत परंपरा म्हणून चालू होते.

पण परंपरेला परंपरा म्हणून विकायचे असेल तर तिला जुने कपडे घालावे लागतात. बिग बिल ब्रून्झी हे शिकागोचे पक्के शहरी गायक, पियानो आणि ड्रमसह तबकड्या काढणारे; १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये गोऱ्या श्रोत्यांपुढे आले ते आर्कन्सॉचा शेतकरी म्हणून. खुद्द मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला गेले, तिथे सवयीप्रमाणे मोठ्या आवाजात वाजवले, आणि गिटार किंचाळते म्हणून वृत्तपत्रांनी नाके मुरडली. शहाणपण शिकून ते पुढच्या वेळी साधी गिटार घेऊन गेले. तोवर तिथल्या पोरांना वीज हवी झाली होती आणि ती निराश झाली. १९६४ मध्ये त्यांच्याच कंपनीने त्यांची साध्या गिटारीवरची एक तबकडी काढून तिचे नाव ठेवले 'फोक सिंगर'. स्टोव्हलहून निघून एकवीस वर्षे शहरात राहिलेल्या, सूट घालणाऱ्या, स्वतःचा वाद्यवृंद चालवणाऱ्या माणसाला पुन्हा लोकगायक व्हावे लागले. तबकडी सुंदर आहे, हे कबूल केलेच पाहिजे. नावातली विसंगती त्याने मिटत नाही.

उलट बाजूने, १९६५ मध्येच एलेक्ट्रा कंपनीने 'फोकसाँग ६५' नावाच्या संग्रहात बटरफील्ड गटाचे 'बॉर्न इन शिकागो' हे कडकडीत विजेवरचे गाणे घातले. लोकगीतांच्या त्या संग्रहात लोकांना आवडले ते नेमके तेच.

रविवारच्या फितीकडे परत येऊ. आदल्या रात्री एका हवेलीत उशिरापर्यंत तालीम झाली होती, तीही घाईची. डिलनने बटरफील्डच्या गटातून ब्लूमफील्ड, ले आणि आर्नल्ड यांना घेतले, वर ऑर्गनला अल कूपर आणि पियानोला बॅरी गोल्डबर्ग. बटरफील्ड स्वतः नव्हता. महिन्याभरापूर्वी 'लाइक अ रोलिंग स्टोन'च्या मुद्रणात ब्लूमफील्ड आणि कूपर होते. ले आणि आर्नल्ड नव्हते. त्यांना ही गाणी जवळपास अनोळखी. ब्लूज बारा मात्रांच्या नव्हे, बारा घरांच्या ठराविक आवर्तनात चालतो, आणि कोणते घर आले हे वादकाला न सांगता कळते. डिलनच्या गाण्यांची घरे त्याच्या शब्दांप्रमाणे लांबतात, आखूड होतात. 'मॅगीज फार्म'मध्ये ठेकाच उलटला, जोर भलत्याच मात्रेवर पडू लागला, असे कूपर यांनी पुढे सांगितले. कान देऊन ऐकले तर ती अस्वस्थता जाणवते. गंमत अशी, की या उलटलेल्या ठेक्यामुळेच गाण्यात एक धडधड आली आहे, आणि ब्लूमफील्ड तिच्यावर स्वार झाला आहे. तिसऱ्या गाण्यापर्यंत संच सावरतो. तोवर वेळ संपते.

नंतरच्या लिखाणात सॅम ले आणि जेरोम आर्नल्ड यांची नावे बहुधा एका वाक्यात, स्वल्पविरामांच्या मध्ये येतात. हा पाव तास 'डिलन विरुद्ध लोकगीतवाले' असा सांगितला जातो. दोन्ही पक्ष मुख्यतः गोरे. ज्यांच्या बारमधून ती वीज आली, त्या दोघांचा प्रतिनिधी म्हणून कुणी विचारच करत नाही. आम्हांला या दंतकथेतली खरी उणीव ही वाटते. हुर्यो उडाली की नाही हा प्रश्न तुलनेने किरकोळ आहे.

या फितीशेजारी आम्ही दुसरे एक ध्वनिमुद्रण ठेवून ऐकतो, आणि विद्यार्थ्यांनीही ठेवावे. २१ नोव्हेंबर १९६४, शिकागोचे रीगल नाट्यगृह, गायक-वादक बी. बी. किंग. न्यूपोर्टच्या आठच महिने आधीचे. श्रोते कृष्णवर्णीय, शहरी. या ध्वनिमुद्रणात श्रोता अंधारात नाही. गायकाने ओळ अर्धी सोडली की बाया किंचाळतात, गिटारीने एक स्वर वाकवला की त्याला उत्तर मिळते, आणि किंग त्या उत्तराची वाट पाहून पुढचा स्वर काढतात. ती किंचाळी वगळली तर संगीतच अपुरे होईल. कीर्तनकाराला जसा समोरचा श्रोता लागतो, तसे. न्यूपोर्टच्या फितीत याच भाषेतले बोल आहेत, पण त्यांना उत्तर देणारे कुणी नाही. ब्लूमफील्ड स्वर वाकवतो आणि तो स्वर मैदानावरून समुद्राकडे निघून जातो. श्रोते ती भाषा शिकलेले नव्हते. काहींना ती आवडली, काहींना नाही. उत्तर कसे द्यायचे हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. 'लोक'संगीताचा निकष जर गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली ही देवघेव असेल, तर लोकसंगीत महोत्सव त्या आठ महिन्यांत कुठे भरला होता, हे वाचकांनीच ठरवावे.

अर्थात रीगलचे चित्रही स्थिर नव्हते. त्याच शिकागोतली कृष्णवर्णीय तरुण पिढी तेव्हा सोल संगीताकडे वळत होती आणि ब्लूज तिला बापाचे गाणे वाटू लागले होते. ब्लूजला नवे श्रोते मिळाले ते गोऱ्या तरुणांत, आणि त्यात ब्लूमफील्डचा वाटा मोठा आहे. १९६९ मध्ये मडी वॉटर्स, पियानोवादक ओटिस स्पॅन, बटरफील्ड आणि ब्लूमफील्ड यांनी मिळून शिकागोत तबकडी केली, तिचे नाव 'फादर्स अँड सन्स'. तुर्गेनेव्हच्या कादंबरीची आठवण व्हावी असे नाव. पण इथले पुत्र बंडखोर नव्हते, वडिलांना नव्या घरी हात धरून नेणारे होते. त्या तबकडीवर ड्रम वाजवायला पुन्हा सॅम ले होते. ब्लूमफील्ड पुढे अमली पदार्थांत आणि निद्रानाशात विझत गेला. फेब्रुवारी १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका मोटारीत तो मृतावस्थेत सापडला. वय सदतीस. सॅम ले २०२२ पर्यंत जगले.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९४१ च्या त्या मुद्रणानंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मडी वॉटर्स यांना त्यांच्या गाण्याच्या तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा धनादेश आला. अभ्यासकांसाठी, जतनासाठी केलेली ती लोकगीताची तबकडी. मडी सांगत, की ती घेऊन ते कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले, ज्यूकबॉक्समध्ये घातली, आणि पुन्हा पुन्हा वाजवत, ऐकत उभे राहिले.